भिंतीवरची गाय

फोन आला तेव्हा बोलताई जेवणाची भांडी विसळत होत्या.

“ताई, लगेच येता का?” पलीकडून वहिनी बोलत होत्या. आवाज दबका. “आक्का गाईला घाबरतायत.”

“कुठल्या गाईला?”

“भिंतीवरच्या. कालपासून घास घेत नाहीत. मागून कुणी खोलीत शिरलं की किंचाळतात. आणि ताई, आज संध्याकाळी फौजदार मला न्यायला येणारेत.”

“तुम्हाला? कशासाठी?”

फोन बंद झाला. कुणीतरी जवळ आलं असावं.

बोलताई काही शूर बाई नव्हत्या. लिफ्टला घाबरायच्या, कुत्र्यांना घाबरायच्या, अनोळखी माणसाने दार वाजवलं तर आधी खिडकीतून बघायच्या. पण वहिनींच्या आवाजात जे होतं ते ऐकून त्या हात पुसायचंही विसरल्या. तशाच चपला घालून निघाल्या.

मेंदूच्या झटक्याने ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. म्हणून त्यांचं नाव बोलताई. आक्का त्यांच्या दीड वर्षापासूनच्या विद्यार्थिनी. आक्कांची उजवी बाजू लुळी, मान उजवीकडे वळत नाही, आणि शब्द बहुतेक सगळे हरवलेले. आकडे तेवढे गडगड म्हणतात. रागावल्या की “मेल्या” असंही स्पष्ट येतं. बाकी जे काही परत आलं ते भिंतीवरून आलं, कारण त्या घरात भिंतीवर जनावरंच होती.

खाली दुकान, वर घर. दुकानात जुन्या पशुपालनाच्या पुस्तकांतली चित्रं चौकटीत बसवून विकायची. चौकोनी अंगाच्या, इवल्याशा डोक्याच्या गाई, पिंपासारखी डुकरं, छाती काढलेले कोंबडे. कागद पिवळट, कडेला अवयवांची नावं. लोक हौसेने नेत आणि स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलामागे, दवाखान्यात टांगत. “आमच्याकडे डुकरालाही सोन्याची चौकट मिळते,” असं दादा म्हणायचे.

दादा म्हणजे दुकानाचे मालक, वहिनींचे यजमान. दोघा भावांत ते थोरले, पण आक्का त्यांच्याहूनही मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा दोन्ही भावांना आक्कांनीच वाढवलं. धाकट्याला तर अक्षरशः कडेवर घेऊन.

आठ दिवसांपूर्वी, भर दुपारी, दादा जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेले सापडले होते.

दुकानाच्या दारातच फौजदार भेटले. जुन्या कागदांच्या धुळीने त्यांचं नाक लाल झालं होतं.

“तुम्हीच का त्या बोलायला शिकवणाऱ्या?” त्यांनी शिंक आवरत विचारलं. “बरं झालं. मला सांगा, म्हातारीच्या शब्दावर विसंबायचं की नाही?”

“काय म्हणाल्या त्या?”

“पहिल्या दिवशी विचारलं, दादांना कुणी ढकललं? म्हणाल्या, गाय. आज विचारलं, पुन्हा गाय. हो का नाही ते सांगा म्हटलं, तर एकदा हो, एकदा नाही.”

“हो आणि नाही त्यांचं उलटसुलट होतं. त्यावर जाऊ नका. पण जनावराचं नाव चुकत नाही. गाय म्हणाल्या तर त्यांना गायच म्हणायचं होतं.”

“मग झालं तर!” फौजदारांनी मान हलवली. “या घरात गाय कोण? दादा आपल्या बायकोला काय म्हणायचे? आमची गरीब गाय.”

आपण आत्ता काय बोलून बसलो?

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“धाकट्या भावाने. सांगताना रडत होता बिचारा.”

“पण दादा नुसतेच पडले नसतील कशावरून?”

“जिना उतरताना पडणारा माणूस तोंडावर पडतो, नाहीतर घसरत बसतो. हे उताणे पडले होते, मागच्या मागे. म्हणजे तोंड वर होतं, वर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी. आणि हे बघा.” खिशातल्या पुडीतून त्यांनी नखाएवढा पातळ काचेचा तुकडा काढला. “बाहीच्या घडीत सापडला. चष्मा ते लावत नव्हते. जिन्यात फुटलेली काच कुठेही नाही. हे कोडं वहिनीबाईच सोडवतील. पाचला येतो, बाई पोलीस घेऊन.”

ते गेले. बोलताई आत वळल्या.

कोपऱ्यात फ्रेमवाले काका चौकट ठोकत होते. तोंडात कायम खिळे, म्हणून त्यांना सगळे खिळेकाका म्हणत. समोरच्या भिंतीवर रिकामे खिळे एका ओळीत दिसत होते.

“काका, इथल्या मेंढ्या कुठे गेल्या?”

खिळेकाकांनी दोन खिळे तोंडातून काढले. “विकल्या म्हणे.”

“कोण म्हणे?”

काकांनी जिन्याकडे पाहिलं आणि खिळे पुन्हा तोंडात घातले.

जिना लाकडी, उभा, वर छताला काचेचा झरोका. दुपारचं ऊन थेट वरच्या पायरीपुढच्या छोट्या चौकात उतरत होतं. बोलताई वर पोहोचल्या, खोलीच्या उंबऱ्यात पाय ठेवला, आणि आक्का किंचाळल्या.

असा आवाज बोलताईंनी माणसाच्या गळ्यातून ऐकला नव्हता.

“आक्का, मी! मी आहे!” त्या धावत पलंगाला वळसा घालून समोर आल्या.

आक्कांचा पलंग दाराच्याच भिंतीला लावलेला होता. दार त्यांच्या मागे, उजव्या हाताला. खोलीत येणारा माणूस समोर येईपर्यंत त्यांना दिसत नसे. तरी एरवी बोलताई उंबऱ्यात आल्या की आक्का आधीच हसायच्या, डावा हात वर करायच्या. वहिनी कौतुकाने म्हणायच्या, “पावलांवरून ओळखतात हो!”

आज पावलं तीच होती. आक्का मात्र थरथरत होत्या, ओठ पांढरे पडले होते. बोलताईंना बघून त्यांनी त्यांचं मनगट पकडलं, ते सोडेचनात. डोळे समोरच्या भिंतीवर, गाईवर.

“गाय,” त्या म्हणाल्या. “गाय. गाय. गाय.”

बोलताईंनी मागे वळून पाहिलं. भिंतभर मोठी तपकिरी गाय, याच गाईवर त्यांनी आक्कांना पहिला शब्द शिकवला होता. आज ती जरा वेगळी भासली. जवळ आल्यासारखी. रंग मऊ, कागदावरचे डाग अन् डाग दिसत होते. आपणही घाबरलोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

वहिनी आतून आल्या. आठ दिवसांत निम्म्या झाल्या होत्या.

“त्या दुपारी तुम्ही कुठे होता?” बोलताईंनी हळूच विचारलं.

“मागे स्वयंपाकघरात. नळ सोडला होता. धप्प असा आवाज आला, वाटलं खाली खोकं पडलं. थोड्या वेळाने भावोजी ओरडले, तेव्हा धावले.”

“धाकटे कुठे होते?”

“मागच्या गोदामात. खिळेकाका जेवायला घरी गेले होते. दुकान बंद होतं.”

“दादा त्या दिवशी काही बोलले होते?”

वहिनींनी डोळे मिटले. “जेवताना म्हणाले, आज शेतकी शाळेत जाऊन येतो. तोंड दाखवायला जागा नाही, पण जातो. काय झालं विचारलं तर म्हणाले, आल्यावर सांगतो.”

“आक्का कधीपासून असं करतायत? दादा गेले तेव्हापासून?”

“नाही हो. तेव्हापासून नुसत्या गाईकडे टक लावून असायच्या. झोपायच्या पण नाहीत धड. पण ओरडायच्या नाहीत. काल मी औषधं आणायला गेले होते, परत आले तर हे असं.”

मागे पाऊल वाजलं. आक्का पुन्हा किंचाळल्या.

“मीच आहे, आक्का,” म्हणत धाकटे समोर आले. भला, गुबगुबीत चेहरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गावोगाव फिरून, रद्दीतून, मोडकळीला आलेल्या ग्रंथालयांतून जुनी पुस्तकं शोधून आणायचं काम त्यांचं. त्यांनी आक्कांच्या कपाळावर हात ठेवला.

आक्कांनी डोळे मिटून घेतले. अंग लाकडासारखं झालं.

“झोपली वाटतं,” धाकटे पुटपुटले. “मी जवळ आलो की शांत होते बघा. वहिनी, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही... म्हणजे तुम्ही नसाल तेव्हा हिचं सगळं मीच बघेन. उद्यापासून इथेच या खोलीत झोपेन. ताई, तुमची शिकवणी पण आता थांबवू या. काय फायदा? उगाच तिला त्रास.”

ते खाली गेले. पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत आक्कांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा त्यांतून पाणी वाहत होतं.

झोपलेला माणूस मनगट इतकं घट्ट धरत नाही. बोलताईंच्या हातावर चार नखांचे वळ उठले होते.

“वहिनी, यांच्यासाठी काहीतरी पातळ करून आणा,” त्या म्हणाल्या. त्यांना एकटीने विचार करायचा होता.

त्या गाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बोट पुढे केलं. बोटाला कागद लागला.

खरखरीत, कोरडा कागद. काच नव्हतीच.

पूर्वी होती. ती कालच गेली असणार. कालपासून आक्का किंचाळतायत. बोलताई मागे वळल्या. दीड वर्ष त्या रोज इथेच बसत होत्या, आक्कांकडे तोंड आणि गाईकडे पाठ करून. डॉक्टर इथेच उभे राहायचे, फौजदारही. आक्कांच्या जागेवर बसून या भिंतीकडे कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

त्या दबक्या पावलांनी खाली गेल्या. खिळेकाका बाहेर सरस आणायला गेले होते. कामाच्या मेजामागे एक मोठी काच भिंतीला टेकून ठेवलेली दिसली, कडांना तपकिरी चौकटीचा जुना रंग चिकटलेला. ती उचलून त्या वर आल्या. जड होती.

गाईखाली औषधांचं बुटकं कपाट होतं. काच त्यावर उभी करून त्यांनी चित्राला टेकवली. मग खिडक्या लावून घेतल्या, दुपारी आक्कांच्या झोपेसाठी लावायच्या तशा. खोलीत अंधार झाला. त्या पलंगावर आक्कांना खेटून बसल्या, गालाला गाल लावला, आणि समोर पाहिलं.

गाईच्या तपकिरी अंगात दार उभं होतं.

दार, त्यामागे उन्हात न्हालेला चौक, कठडा, जिन्याची सगळ्यात वरची पायरी. आरशात दिसावं इतकं लख्ख.

आक्कांचा श्वास संथ झाला. कालपासून पहिल्यांदा. त्यांनी डावा हात बोलताईंच्या हातावर ठेवला आणि अगदी शहाण्या आवाजात म्हणाल्या, “गाय.”

पावलांवरून कधीच नाही! आक्का या काचेत बघून ओळखायच्या. कोण आलं, कोण गेलं, सगळं. त्या दुपारीही...

आक्कांची बोटं आवळली.

गाईच्या पोटात एक माणूस उभा होता.

“काच परत आणलीत वाटतं,” धाकटे उंबऱ्यातून म्हणाले.

बोलताईंना मान वळवता येईना. काचेतून धाकट्यांचे डोळे सरळ त्यांच्याच डोळ्यांत बघत होते. त्या क्षणी त्यांना उमगलं. काचेत आपल्याला जो दिसतो, त्यालाही आपण दिसतो.

“चला, तुम्हाला खाली सोडतो,” धाकटे मऊ आवाजात म्हणाले. “मी मागे राहतो, तुम्ही पुढे व्हा. जिना वाईट आहे.”

“शिकवणी व्हायचीय अजून,” बोलताई म्हणाल्या.

“मग मीही बसतो. बघू तरी काय शिकवता.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि दार आणि पलंगाच्या मधोमध टाकली.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. हाक मारली तरी वहिनींना ऐकू जाणार नव्हती. बोलताई म्हणाल्या, “आक्का, मोजा. एक.”

“एक,” आक्का म्हणाल्या. “दोन. तीन.” आवाज चिरकत होता, पण आकडे येत होते. वीस झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं.

“ताई, ही अजून काय काय बोलू शकेल?”

“सांगता येत नाही. कधीकधी अचानक शब्द फुटतो.” बोललं आणि बोलताईंनी जीभ चावली.

“असं?” धाकटे उठले. ते कपाटापाशी गेले, दोन्ही हातांनी काच उचलली आणि वळले. पलंगाशी येऊन थांबले. काचेची धार आक्कांच्या डोक्यावर होती. “ही इथे बरी नाही. निसटली तर कुणाला तरी लागेल.”

आक्कांचं मोजणं थांबलं.

“ठेवा ती,” बोलताई म्हणाल्या. त्या कधी उठल्या, आक्कांच्या पुढे कधी उभ्या राहिल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. “आधी माझ्यावर पडेल.”

धाकटे काच धरून तसेच उभे राहिले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

जिन्यात कुणीतरी जोरात शिंकलं. एकदा, आणि मग लगोलग पुन्हा.

जन्मात कुठल्या शिंकेने बोलताईंना एवढा आनंद झाला नव्हता.

फौजदारांबरोबर बाई पोलीस होत्या, मागे खिळेकाका. आवाज ऐकून वहिनीही हातातली वाटी घेऊन आल्या. पोलीस बघून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि मुकाट्याने पुढे झाल्या.

“थांबा, वहिनी,” बोलताई म्हणाल्या. “फौजदारसाहेब, ती काच यांच्या हातातून घ्या आणि कपाटावर ठेवा. मग इथे आक्कांशेजारी बसा.”

“हे काय चाललंय?” धाकट्यांनी काच दिली. “या बाई दुपारपासून...”

“बसा साहेब. समोर गाईकडे बघा. बाई पोलीस, तुम्ही बाहेर चौकात जाऊन उभ्या राहा. वाटेल तसं करा.”

फौजदार नाइलाजाने बसले. आक्कांच्या उंचीला वाकले आणि थिजले.

“काय दिसतं?”

“आमच्या बाई... टोपी काढतायत. आता कठड्याला टेकल्या.” त्यांनी मान वळवून उघड्या दारातून पाहिलं. बाई पोलीस टोपी हातात घेऊन कठड्याला टेकल्या होत्या. “अरे देवा.”

“तुम्ही विचारलंत कोण, त्या म्हणाल्या गाय. त्यांच्याकडे माणसांची नावं नाहीतच. कुठे पाहिलं एवढंच त्यांना सांगता येत होतं. गाईत पाहिलं. त्यांनी आठ दिवस तुम्हाला हेच सांगितलं, आणि मीच म्हटलं की त्यांचं नाव चुकत नाही.”

“ठीक आहे,” धाकटे म्हणाले. “चौक दिसत असेल. म्हणून मी दिसलो असं कुठे होतं? वहिनी दिसल्या असतील.”

“त्याचाच मी मघाशी विचार करत होते,” बोलताई म्हणाल्या. “सगळं घर म्हणतंय, आक्का गाईला घाबरतायत. मग गाय काढायची. निदान तोंड भिंतीकडे करायचं. कुणी काय केलं? गाय तिथेच ठेवली आणि काच काढली. ज्याला आक्का गाईला घाबरतात असं खरंच वाटत होतं, तो काचेला हात कशाला लावेल? काच खुपेल कुणाला, तर तिच्यात काय दिसतं हे माहीत असलेल्यालाच. वहिनींना तर काच गेल्याचंही ठाऊक नाही. काका, काच काढायला कुणी सांगितलं?”

खिळेकाकांनी तोंडातले सगळे खिळे काढून तळहातावर घेतले. “धाकट्यांनी. काल, वहिनी बाहेर गेल्यावर. म्हणाले, चकाकी आक्काच्या डोळ्यांवर येते.”

“येतेच!” धाकटे ओरडले.

“तुम्हाला कसं कळलं? त्या सांगू शकत नाहीत. तुम्ही त्यांच्या जागेवर कधी बसला नाहीत. तुम्ही ही काच फक्त बाहेरून, चौकातून पाहिलीत. दादा पडले, तुम्ही मान वर केलीत, आणि गाईच्या पोटात तुम्हाला आक्कांचे डोळे दिसले. तुमच्याकडे बघत असलेले.”

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“त्यानंतर आठ दिवस आक्का गाईवर पहारा देत होत्या,” बोलताई म्हणाल्या. “तुम्ही मागून कधी येता ते बघत होत्या. काल तुम्ही त्यांचा पहाराच काढून घेतलात. म्हणून त्या प्रत्येक पावलाला किंचाळायला लागल्या. कोण येतंय ते दिसेना. आणि तुम्ही समोर आलात की डोळे मिटून मेल्यासारख्या पडून राहिल्या.”

“पण कशासाठी?” फौजदारांनी विचारलं. “भाऊ भावाला का ढकलेल?”

“तुमच्या पुडीतला तुकडा काकांना दाखवा.”

खिळेकाकांनी तो उजेडात धरला. “चित्राची काच. खिडकीची एवढी पातळ नसते.”

“म्हणजे दादा चित्रं घेऊन जिना उतरत होते,” बोलताई म्हणाल्या. “एक फुटलं. कुणीतरी ती चित्रं उचलली, काचा झाडल्या, आणि मग ओरडून वहिनींना बोलावलं. खाली मेंढ्यांच्या जागी रिकामे खिळे आहेत. त्या विकल्या असं कोण म्हणालं, काका?”

“धाकटेच,” काका म्हणाले. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. “त्या दिवशी सकाळी दादांनी एक मेंढी चौकटीतून काढायला लावली होती. कागदाचा मागचा कोपरा खरवडलेला होता. त्यांनी तो उन्हात धरला आणि खालीच बसले. शिक्का होता. खरवडला तरी वळ राहतो. मग सगळ्या मेंढ्या भिंतीवरून उतरवून जेवायला जाताना वर घेऊन गेले.”

“शेतकी शाळेच्या ग्रंथालयाचा,” बोलताई म्हणाल्या. “हे रद्दीतून पुस्तकं आणत नव्हते. चांगल्या पुस्तकांतली पानं कापून आणत होते. दादा ती परत करायला निघाले होते. साहेब, गोदाम बघा. एक चौकट बिनकाचेची सापडेल.”

बाई पोलीस खाली गेल्या. धाकटे खुर्चीवर टेकले. थोड्या वेळाने खालून हाक आली. “साहेब, मेंढ्या आहेत! पोत्याखाली!”

धाकट्यांचा चेहरा एकदम उतरला.

“मी हात झटकला फक्त,” ते म्हणाले. “मी त्याची बाही धरली होती. म्हटलं, दादा, एकदा सोड, पुन्हा नाही करणार. तो वळला, म्हणाला, आक्काने तुला हेच शिकवलं का? मी हात झटकला.” ते आक्कांकडे वळले. “आक्का, तू बघितलंस ना? सांग की त्यांना. झटकला की ढकललं? सांग ना.”

आक्कांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. त्या भावाकडे बघत राहिल्या. ओठ हलले, आवाज आला नाही.

“मग काच का काढलीस?” फौजदार म्हणाले. “आणि वहिनींना गाय का ठरवलंस?”

फौजदारांनी धाकट्यांना दंडाला धरून उठवलं. जिन्यावर पावलं वाजली, आणि मग ती वाजेनाशी झाली.

वहिनींनी खिडक्या उघडल्या, वाटी उचलून कपाटावर ठेवली आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

“ताई, काका, जरा हात लावा. आधीच करायला हवं होतं हे.”

तिघांनी मिळून आक्कांसकट पलंग फिरवला. दार आता समोर आलं. चौक, कठडा, वरची पायरी, सगळं सरळ, उघड्या डोळ्यांनी दिसायला लागलं. आक्का त्या रिकाम्या दाराकडे बघत पडून राहिल्या.

वहिनी भरवायला बसल्या. पहिला चमचा आक्कांनी घेतला. दुसऱ्याला हात आडवा केला.

त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. बोलताईंना ती हालचाल ओळखीची होती. शब्द आतून वर येत असला की असंच होतं, आणि अशा वेळी मधे बोलायचं नसतं.

“जे...” आक्का म्हणाल्या. त्यांनी दाराकडे बोट केलं. “जेवला?”

दीड वर्षात आक्कांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. खिळेकाकांनी तोंड फिरवलं. वहिनींचा चमचा हवेतच थांबला होता.

त्यांनी तो वाटीत ठेवला. आक्कांची हनुवटी पुसली.

“चौकीवर फोन करून विचारते,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.